व्हीलचेअरवरून संगीत नाटकाला जायचं तर

नाटकाच्या आदल्या रात्री माझ्या पिशवीत सगळ्यात आधी पडते ती शिवणकामाची साठ इंची फीत. बायकोच्या मशीनच्या खणातली. तिच्यावरचे सुरुवातीचे आकडे पुसून गेलेत, म्हणून मी दहापासून मोजायला घेतो. सुरुवात कुठून करू, असं व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणी विचारलं तर मी सांगतो, फितीपासून करा, तिकिटापासून नको.

२००८ च्या मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत आंबे काढताना पायाखालची फांदी मोडली आणि मी पंधरा-सोळा फुटांवरून खाली आलो. कमरेखाली तेव्हापासून ना हालचाल, ना संवेदना. त्याआधी पंचवीस वर्षं मी गावातल्या उत्सवाच्या नाटकांना ऑर्गनची साथ करत होतो. हातपेटीला एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनला हवा पायांनी द्यायची असते, म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे मिळतात. माझे पाय गेले तसा ऑर्गन गेला, आणि पाच वर्षं मी नाटकाचं नावही घरात काढू दिलं नाही. सहाव्या वर्षी मुलीने मला न विचारता तिकिटं आणली. तेव्हापासून पुणे, मुंबई, ठाणे, रत्नागिरी आणि गोवा मिळून साठ-सत्तर प्रयोग मी या खुर्चीतून ऐकले. त्यातून शिकलो ते सांगतो. गद्य नाटकालाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण संगीत नाटकाच्या काही गरजा वेगळ्या असतात.

आधी आपली खुर्ची मोजा. माझी घडीची आहे. बैठक अठरा इंच, पण चाकं आणि हाताने फिरवायच्या कड्या धरून बाहेरून बाहेर पंचवीस इंच भरते. लांबी पायपट्टीच्या टोकापासून मागच्या चाकापर्यंत बेचाळीस इंच. मी बसलो की जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंत शेहेचाळीस इंच होतात. हा आकडा कुणी मोजत नाही आणि नाटकात तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, कसा ते पुढे येईलच. मग वजन. मी चौसष्ट किलो, खुर्ची सतरा. 'एक्याऐंशी किलो आहे' असं आधीच सांगितलं की उचलायला एकटा माणूस पुढे येत नाही, तो दुसऱ्याला हाक मारतो. हे सगळे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. फोनवर बोलताना ऐनवेळी आठवत नाहीत.

आता फोन. 'रॅम्प आहे का?' असं विचारूच नका. उत्तर ठरलेलं असतं, 'आहे ना!' एका शहरातल्या नाट्यगृहात या 'आहे ना'वर विसंबून आम्ही गेलो. रॅम्प होता, पण त्याच्या फाटकाला कुलूप होतं, किल्ली ज्यांच्याकडे ते सुट्टीवर होते, आणि फाटकाच्या आत चार स्कूटर लावलेल्या होत्या. नांदी मी बाहेर, पोस्टरखाली बसून ऐकली.

तेव्हापासून मी असं करतो. फोन उचलणाऱ्या माणसाला म्हणतो, 'भाऊ, दोन मिनिटं आहेत का? फोन कानाला लावूनच फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत चालत जाल का? पायरी लागली की मला सांगा.' बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. ठाण्याकडचे एक डोअरकीपर असेच चालत निघाले. 'एक... दोन... तीन. आता सपाट आहे. आता दार.' मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. 'अहो, इथे पण एक आहे की हो. रोज येतो-जातो, पण कधी लक्षातच आली नाही.' ही लक्षात न येणारी पायरीच आपल्याला अडवते. चालत्या माणसाचा पाय ती आपोआप ओलांडतो, म्हणून ती त्याच्या आठवणीत राहत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला चालवत नेऊन विचारायचं, एवढंच.

पायऱ्या कळल्या की उंची विचारा, वीत सांगितली तरी चालेल. रॅम्पचा सरकारी हिशोब एकास बाराचा आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच उतार. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांचा रॅम्प लागतो, तीन पायऱ्यांना अठरा फुटांचा. कुणी म्हणालं, 'तीन पायऱ्या आहेत, पण फळी टाकून देऊ', तर ती फळी किती लांब ते विचारा. चार फुटांच्या फळीवरून तीन पायऱ्या चढणं धोक्याचं आहे, मदतीला कितीही माणसं असली तरी. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा तीन फुटी रॅम्प आहे. तो मी एकाच पायरीला वापरतो, तोही मागून एकाने धरलं असेल तरच.

फोन एक नाही, दोन करायचे असतात. हे कळायला मला दोन वर्षं लागली. इमारत, कुलपं, लिफ्ट, स्वच्छतागृह हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे. त्या दिवशीची आसनं, दार किती वाजता उघडणार, मध्यंतर कधी होणार हे नाटकाच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे नाट्यसंस्थेच्या माणसाकडे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नंबर असतो तो बहुधा नाटकाच्या बाजूचा. पहिल्याने 'या' म्हटलं म्हणजे दुसऱ्याला माहीत असतं असं नाही. दोघांचीही नावं विचारून लिहून ठेवा. दारात कुणी अडवलं तर 'अमुक साहेबांशी मंगळवारी बोललोय' या वाक्याने जेवढं काम होतं तेवढं कुठल्याही कार्डाने होत नाही.

ऑनलाइन तिकीट काढण्याची घाई मी करत नाही. त्या नकाशावर रांगा आणि आकडे दिसतात, पायऱ्या आणि उतार दिसत नाहीत. शक्य असेल तर तिकीट खिडकीवर माणूस पाठवा, आणि त्याने सभागृहात डोकावून यावं. माझी मुलगी फीत घेऊन जाते आणि चार फोटो पाठवते: फाटक, दार, पहिल्या रांगेपुढची जागा, स्वच्छतागृहाचं दार. स्वच्छतागृहाचा फोटो फीत लावूनच काढायचा. जुन्या इमारतींत ते दार चोवीस इंचांचं निघालं की माझी पंचवीस इंची खुर्ची बाहेरच राहते, आणि हे घरी कळलेलं बरं.

कुठला प्रयोग निवडायचा? पहिल्यांदाच जात असाल तर दुपारचा घ्या. उजेड असतो, गाडी लावायला जागा मिळते, रिक्षा मिळते. पण खरं सांगू? गाणं मनाजोगतं ऐकायचं असेल तर शेवटचा, रात्रीचा प्रयोग घ्यावा. दुपारच्या प्रयोगाच्या मागे पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा असतो, वेळेत नाट्यगृह मोकळं करून द्यावं लागतं, आणि त्याचा काच गायकाच्या तानेला बसतो. रात्री मागे कुणी नसतं. 'वन्समोर' घ्यायला सवड असते. एके काळी ही नाटकं रात्रभर चालायची, आता तीन-साडेतीन तासांत बसवलेली असतात, पण रंगलेल्या रात्री अर्धा तास सहज वर जातो. औषधाच्या वेळा आणि घरी परतायची गाडी हा अर्धा तास धरूनच ठरवा.

कुठे बसायचं

बहुतेक ठिकाणी तुम्हाला दोनपैकी एक जागा दाखवतात: सगळ्यात पुढे, पहिल्या रांगेच्या आणि रंगमंचाच्या मध्ये, किंवा सगळ्यात मागे, दाराजवळ. मागची जागा सोयीची वाटते, पण कुणी उठलं की आपल्यापुढे पाठी येतात, आणि आपल्याला उभं राहून पाहता येत नाही. मी पुढचीच मागतो.

इथे डोळ्यांची उंची कामाला येते. रंगमंचाची कड जमिनीपासून मोजून घ्या. कड बेचाळीस इंच आणि माझे डोळे शेहेचाळीसवर, म्हणजे मला रंगमंचाची जमीन जेमतेम दिसते. कडेला लागून बसलो तर वर पाहून मान दुखते. सहा-सात फूट मागे सरकलं की मान न ताणता पाहता येतं. कड तुमच्या डोळ्यांपेक्षा उंच असेल तर पुढची जागा घेऊच नका, बाजूच्या वाटेलगतच्या आसनावर सरकून बसायची तयारी करा. पुढच्या जागेला आणखी एक धोका आहे तो स्पीकरचा. कोपऱ्यात बसवलं तर आपण थेट त्याच्या तोंडासमोर येतो, आणि मग ना तबला धड ऐकू येतो ना शब्द. चार-पाच फूट आत सरकवून घ्या.

साथीदार कुठे बसणार ते नाटकाच्या व्यवस्थापकाला विचारा. ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढे खाली असतात किंवा विंगेलगत, दोन बाजूंना. मी नेहमी ऑर्गनच्या बाजूची जागा मागतो. तिथून मला वादकाचे पाय दिसतात. विलंबित पदाला पाय संथ चालतात आणि तान आली की हवा कमी पडू नये म्हणून वादक आधीच दोन दाब जास्त देऊन ठेवतो. हे सभागृहात दुसऱ्या कुणाला दिसत नसेल. मला त्यावरून पुढे काय येणार ते कळतं. तुम्ही तबल्याचे असाल तर तबल्याची बाजू मागा. नुसती 'व्हीलचेअरची जागा' मागू नका, आपल्याला काय ऐकायचं आणि पाहायचं आहे ते सांगून जागा मागा. मागितल्यावर लोक देतात, हा माझा अनुभव आहे.

सोबत्याचं आसन लागून हवं, हे तिकीट काढतानाच बोलून घ्या. माझी बायको मला ढकलायला येत नाही, नाटकाला येते. तिला चार रांगा मागे बसवलं तर आमचं दोघांचंही नाटक अर्धं होतं.

आपल्या खुर्चीतून नाट्यगृहाच्या आसनावर सरकून बसायचं असेल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. ही आसनं उघडझाप करणारी असतात. आपण कडेवर टेकलो की बैठक मागून वर उचलली जाते आणि आपण घसरतो. सोबत्याने बैठक हाताने किंवा गुडघ्याने दाबून धरायची, आपण पूर्ण मागे जाईपर्यंत सोडायची नाही. सभागृहाची जमीन पुढे उतरती असते, म्हणून आपली खुर्ची आसनाच्या वरच्या अंगाला लावावी. खालच्या अंगाला लावली तर चढावर सरकावं लागतं. वाटेकडच्या बाजूचा हात बहुधा घट्ट बसवलेला असतो, त्याच्यावरून जाता येत नाही, समोरून वळून बसावं लागतं. जमेल की नाही ते घरी जेवणाच्या खुर्चीवर आधी करून पाहा. माझ्याप्रमाणेच ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी आपली गादी आसनावर टाकूनच बसावं. जुन्या आसनाची स्प्रिंग वर आलेली असते आणि आपल्याला ती टोचत नाही, जखम झाल्यावरच कळतं.

तुमची मुलं परदेशात असतील आणि तिकडे संगीतिका पाहायचा योग आला, तर हे दोन प्रकार तिथे तिकिटावरच वेगळे असतात. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये अशा तिकिटांसाठी नाट्यगृहांची वेगळी सोय असते, आणि खुर्चीतच बसणार की आसनावर सरकणार हे ते आधी विचारतात. बहुतेक ठिकाणी सोबत्याच्या तिकिटालाही सवलत मिळते. तिकडे गेलात तर नेहमीच्या खिडकीवरून काढू नका, अ‍ॅक्सेसचं तिकीट म्हणून मागा.

कुठेही बसलात तरी बाहेर पडायची वाट अडवू नका. 'इथेच कडेला लावा, काही होत नाही' असं सांगणारे भेटतील. आग लागली, दिवे गेले, तर सगळी गर्दी त्याच वाटेने आपल्या अंगावर येते. उतारावर दोन्ही ब्रेक लावा, आणि ब्रेक जुने असतील तर चाकापुढे लाकडाची एक पाचर ठेवा. माझी पाचर आमच्या बागेतल्या फणसाची आहे.

उचलून घ्यायची वेळ आली तर

मराठी माणूस मदतीला धावतो. कधीकधी जरा जास्तच लवकर धावतो. एकदा पायऱ्यांपाशी मी तोंड उघडायच्या आत चौघांनी मला धरलं. दोघांनी खुर्चीचे हात धरले. माझ्या खुर्चीचे हात काढता येतात. दुसऱ्या पायरीवर उजवा हात निघून त्या गृहस्थांच्या मुठीत राहिला आणि मी डावीकडे कललो. बायकोने सदरा धरला म्हणून वाचलो. त्या चौघांचं मन चांगलं होतं. सांगायला हवं होतं मी, आणि मी गप्प बसलो होतो.

आता मी आधी मोठ्याने सांगतो, 'थांबा, मी सांगतो तसं करूया.' दोन माणसं पुरतात, पायऱ्या जास्त असतील तर बाजूला तिसरा. खुर्चीची पाठ नेहमी वरच्या पायरीकडे. चढताना उलटं चढायचं, उतरताना तोंड खाली ठेवून उतरायचं. दोन्ही वेळा पाठ वरच. सगळ्यात दणकट माणूस मागे, मुठी धरून. तो खुर्ची मागे कलवतो, म्हणजे वजन मोठ्या चाकांवर येतं. पुढच्याने खुर्चीची सांगाड्याची पाइप धरायची. पायपट्टी नाही, हात नाहीत, चाकं नाहीत. ही पाइप कुठली ते दाखवण्यासाठी मी तिच्यावर दोन्ही बाजूंना लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. 'लाल पट्टी धरा' एवढंच सांगावं लागतं. एकेक पायरी, 'एक, दोन, हां' म्हणत. आणि तुम्हाला अजिबात उचलून घ्यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. नको म्हणायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. शरीर आपलं आहे.

कुणी आपल्याला सोडून सोबत्याशी बोलू लागलं, 'यांना कुठे ठेवायचं?' असं विचारलं, तर माझी बायको उत्तर देत नाही, माझ्याकडे पाहते. हे आम्ही ठरवून घेतलंय. समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला माझ्याशी बोलू लागतो.

पुढचं दार जमत नसेल तर मागचं विचारा. सेट आत नेण्यासाठी रंगमंचाच्या मागे रुंद दार असतं, आणि काही नाट्यगृहांत तिथे चांगला उतारही असतो, कारण नेपथ्याचे जड तुकडे ढकलत न्यावे लागतात. आत गेल्यावर रंगमंचाच्या बाजूने सभागृहात उतरायची वाट मिळते का ते मात्र पाहून घ्यावं लागतं. यासाठी तिसऱ्या घंटेच्या निदान पाऊण तास आधी पोचा आणि रंगमंच कामगारांना विचारा, व्यवस्थापकाला नाही. दार किती रुंद, उतार कुठे निसरडा, कुठली फळी मजबूत, हे त्यांना तळहातासारखं ठाऊक असतं.

शरीराची तयारी

पाणी बंद करून जाऊ नका. मीही आधी तेच करायचो आणि दोनदा मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापलो. आता दिवसभर नेहमीसारखं पितो, निघायच्या दोन तास आधी हात आखडता घेतो, आणि निघताना घरीच नळी घालून मोकळा होऊन येतो. माझ्या चार-साडेचार तासांच्या अंतरात नाटक बसतं, वाटेतला वेळ धरून जेमतेम. नळी, स्वच्छ पाणी आणि पिशवी गाडीत असतेच. नाट्यगृहातलं दार चोवीस इंची निघालं तर गाडीत पडदा लावूनही जमतं.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी बैठकीवरचा दाब हलका करायला हवा. गाणं चालू असताना दोन हातांवर उचलून घेतलं की खुर्ची करकरते आणि शेजारचे बघतात. मी टाळ्यांची वेळ धरतो. पद संपलं, टाळ्या सुरू झाल्या की दोन्ही हातांवर वर, मनात वीस मोजायचे, खाली. 'वन्समोर' आला तर दुसऱ्यांदा. संवादांचा प्रवेश लांबला तर पुढे वाकून, छाती मांड्यांकडे नेऊनही दाब निघतो, तो कुणाला कळतही नाही.

पायांवर शाल हवी. वातानुकूलन जोरात असलं तरी आपल्या पायांना थंडी कळत नाही, ते गार पडत जातात आणि मग झटके सुरू होतात.

आणि मध्यंतरातला चहा. हे जरा थांबून वाचा. नाटकाच्या मध्यंतरात बटाटावडा आणि चहा हवाच, मलाही हवा. पण दोन्ही हात चाकांवर असतात म्हणून आपण कप मांड्यांमध्ये धरतो. माझ्या डाव्या मांडीवर रुपयाएवढा पांढरा डाग आहे तो एका मध्यंतरातला. कागदी कप कलंडला, मला कळलं नाही. मी दुसऱ्या अंकातलं एक आवडतं पद ऐकत बसलो होतो, घरी पायजमा बदलताना बायकोला फोड दिसला. जखम भरायला सात आठवडे गेले. गरम वड्याचा कागदी पुडाही तसाच. मांडीवर काही गरम ठेवायचं नाही. खाण्याचं सोबत्याच्या हातात द्या किंवा पहिल्या रांगेतल्या रिकाम्या आसनावर ठेवा. मध्यंतरात गर्दीत बाहेर पडण्याचा आटापिटाही करू नका, पंधरा मिनिटं दाराशीच जातात.

मांडवातली नाटकं

ज्यांना नाट्यगृहाच्या पायऱ्या नको झाल्या असतील त्यांनी गोव्यातल्या किंवा कोकणातल्या देवळांच्या उत्सवातलं संगीत नाटक गाठावं. उघड्यावरचा मांडव, सगळे एका पातळीवर, जागा हवी तिथे. खुर्ची कुणाला अडचण होत नाही, कारण तिथे अर्ध्या खुर्च्या लोकांनी घरून आणलेल्या असतात. त्रास जमिनीचा. वाळूत आणि मऊ मातीत पुढची छोटी चाकं रुततात. मागून ढकलू नका, खुर्ची वळवून उलटी ओढा. मोठी चाकं पुढे गेली की छोटी त्यांच्या मागून येतात. जांभ्याच्या दगडाची पायवाट असली तर फटीत चाक अडकतं, तिथे सावकाश. गाडी मांडवापर्यंत आणायची परवानगी दिवसाउजेडी, गर्दी जमायच्या आत मागून घ्या. राज्य नाट्य स्पर्धेतली संगीत नाटकंही सोडू नका. तिकिटं नाममात्र असतात, आणि ऐन तारुण्यातले गळे ऐकायला मिळतात.

कायद्याचं थोडं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचे नियम जून २०१७ चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती, ती २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, ती बंधनकारक हवीत. म्हणून अडचण आली की भांडण करू नका, अर्ज करा. पालिकेचं नाट्यगृह असेल तर पालिका आयुक्तांना, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. अर्जात 'गैरसोय झाली' असं मोघम लिहू नका. 'पूर्वेच्या दारात सहा इंचांची एक पायरी, स्वच्छतागृहाचं दार चोवीस इंच' असं लिहा, आणि फीत लावलेला फोटो जोडा. माझ्या एका अर्जावर चौदा महिन्यांनी एक पायरी गेली आणि तिथे उतार आला. चौदा महिने पुष्कळ झाले, पण आता तिथून आजीबाईही काठी टेकत जातात.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसली. तेव्हा त्यांचे पाय गेलेले होते, चालता येत नव्हतं. मराठी संगीत रंगभूमीने ज्यांना डोक्यावर घेतलं, ते शेवटी आपल्यासारखे होते. पायऱ्यांपाशी थांबून माणसं येईपर्यंत वाट पाहावी लागते, तेव्हा मला हे आठवतं.

नाटक संपल्यावर उठायची घाई करू नका. पडदा पडला की सगळे एकदम दाराकडे जातात, खुर्चीच्या पातळीवर नुसत्या पिशव्या आणि कोपरं येतात. दहा मिनिटं बसून राहा. मला ही दहा मिनिटं आवडतात. तबलजी हातोडी पिशवीत टाकतो, विंगेतले दिवे एकेक जातात, आणि ऑर्गन हलवायला माणसं येतात.

परवाच्या प्रयोगाला मी मागच्या दाराने आत गेलो होतो, म्हणून त्याच दाराने बाहेर पडायचं होतं. ऑर्गनवर जुनी गोधडी टाकून दोरी आवळली. दोघं पुढे, दोघं मागे, 'कड सांभाळ, कड सांभाळ' करत त्यांनी तो उतारावरून टेम्पोपर्यंत नेला. मग त्यातलेच दोघं परत आले. एकाने विजारीला हात पुसले, मागे जाऊन मुठी धरल्या. दुसरा पुढे वाकला, लाल पट्टीवर हात ठेवून म्हणाला, 'काका, ब्रेक सोडलात का?'